पुडीतल्या गोळीला नाव असतं

"कोणत्या गोळ्या चालू होत्या?" त्या रात्री हा प्रश्न मला चौघांनी विचारला. आधी तातडीच्या विभागातल्या डॉक्टर मुलीने, मग वॉर्डातल्या निवासी डॉक्टरने, मग किडनीच्या डॉक्टरांनी आणि शेवटी आयसीयूतल्या सिस्टरने. चारही वेळा माझं उत्तर तेच होतं. बीपीची गोळी ही, तिचं पाकीट माझ्या पर्समध्ये आहे. आणि गुडघ्यांसाठी दोन पांढऱ्या, एक पिवळी.

"पांढरी म्हणजे कोणती?"

मला माहीत नव्हतं. आईलाही माहीत नव्हतं. पुडी घरी राहिली होती. भावाने ती उघडून फोनवर फोटो पाठवला. कागदावर तीन गोळ्या, एकीवर मध्ये रेघ, बाकी काही नाही. किडनीच्या डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला आणि फोन मला परत दिला. आईचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करतेय ते दाखवणारा रक्तातला आकडा, तेव्हा 4.2 होतं. ते साधारण एकच्या आसपास असायला हवं, हे मला त्या रात्री कळलं.

हा लेख लिहायला मी दीड वर्ष थांबले. रागाच्या भरात लिहिलं असतं तर एका माणसाविरुद्धची तक्रार झाली असती, आणि मला तेवढंच म्हणायचं नाही. आमचे फॅमिली डॉक्टर वाईट माणूस नाहीत. आमच्या तालुक्याच्या गावात त्यांचा दवाखाना तीस वर्षांहून जुना आहे. माझ्या गोवरापासून भावाच्या टायफॉइडपर्यंत सगळं त्यांनीच पाहिलं. बाबा गेले त्या रात्री अडीच वाजता पावसात स्कूटर घेऊन तेच आले होते. आईचा त्यांच्यावर जो विश्वास आहे तो शब्दांत सांगायचा तर आपल्याकडचा एकच शब्द पुरतो : हातगुण. त्यांचा हातगुण चांगला आहे, असं आई आजही म्हणते.

झालं ते असं. आईला बीपीसाठी जी गोळी चालू होती तिच्यात दोन औषधं एकत्र आहेत, टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड. दुसरं औषध लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारं. ही गोळी तिला शहरातल्या फिजिशियनने दिली होती आणि ती उत्तम चालली होती. पावसाळ्यात गुडघे फार दुखायला लागले म्हणून ती आमच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी पुडी दिली. बरं वाटलं. मग पुन्हा पुडी, पुन्हा बरं. असे जवळजवळ चार आठवडे गेले. मध्येच उलट्या सुरू झाल्या, त्यासाठी आणखी एक गोळी वाढली. पाय सुजले, तेव्हा "चालणं कमी झालंय ना वहिनी, म्हणून" असं उत्तर मिळालं. लघवी कमी होतेय हे आईने कोणालाच सांगितलं नाही, त्या पिढीतल्या बायका सांगत नाहीत. बीपीची गोळी कोणती चालू आहे, हे त्या चार आठवड्यांत तिला एकदाही विचारलं गेलं नाही.

दुखणं थांबवणाऱ्या बहुतेक गोळ्या किडनीत रक्त आणणारी नळी आकसवतात. टेल्मिसार्टनसारखी औषधं किडनीतून रक्त बाहेर नेणारी नळी सैल करतात. लघवीचं औषध अंगातलं पाणी कमी करतं. एकेकटं औषध बहुतेकांना सोसतं. तिन्ही एकत्र आली, त्यातून माणूस सत्तरीचा असला आणि उलट्यांनी सुकलेला असला, की गाळणीतला दाबच नाहीसा होतो. यात नवं किंवा दुर्मीळ काही नाही. औषधशास्त्राच्या पुस्तकांत हे कितीतरी वर्षांपासून आहे. आई वाचली, दोनदा डायलिसिस करावं लागलं, आणि क्रिएटिनिन शेवटी 1.6 वर येऊन थांबलं. ते त्याहून खाली आता येणार नाही, असं सांगतात.

घरी आल्यावर आठवड्याने मी डिस्चार्ज कार्ड घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून ते कार्ड पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मी विचारलं, "काका, पेनकिलर कोणती दिली होती तुम्ही?" ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, नक्की नाही आठवत. त्या वेळी जी होती ती दिली असेल."

त्यांनी खोटं सांगितलं नाही. त्यांना खरंच आठवत नव्हतं, कारण त्यांनी कुठे लिहिलंच नव्हतं. केस पेपर नाही, वही नाही, पुडीवर अक्षर नाही. माझ्या आईच्या पोटात चार आठवडे जे गेलं त्याची नोंद या जगात कुठेच नाही. चूक मी समजू शकते. दिवसाला ऐंशी पेशंट पाहणाऱ्या माणसाच्या हातून चूक होणार. पण जी चूक कागदावर येत नाही ती दुसऱ्या कोणाला पकडता येत नाही. ना केमिस्टला, ना दुसऱ्या डॉक्टरला, ना घरातल्या शिकलेल्या मुलीला. आपल्याकडच्या निष्काळजीपणाबद्दल मला मुख्य गोष्ट सांगायची आहे ती हीच. चुका इतरत्रही होतात. आपण मात्र चूक अदृश्य राहील अशीच व्यवस्था ठेवली आहे, आणि ती बदलायला पैसा लागत नाही.

पुडीची पद्धत महाराष्ट्रात ज्यांनी पाहिली नाही असा माणूस सापडणं कठीण. डॉक्टर तपासतात, आतल्या खिडकीपाशी कंपाउंडर बरणीतल्या गोळ्या मोजतो किंवा पाकिटातून कात्रीने कापून देतो, पांढऱ्या कागदाच्या तीन-चार पुड्या बांधतो, सकाळ-दुपार-रात्र सांगतो. फी त्यातच धरलेली. शंभर-दीडशे रुपयांत तपासणी आणि दोन दिवसांचं औषध, शिवाय मेडिकलमध्ये वेगळी खेप नाही. गरीब माणसाला ही सोय मोठी आहे, आणि ती बंद करा असं मी म्हणत नाही. मी इतकंच म्हणते की पुडीतल्या गोळीला नाव असतं, आणि ते नाव गिळणाऱ्याला कळलं पाहिजे.

कायदाही त्या नावाची नोंद मागतो, हे मला नंतर कळलं. 1945 च्या औषध नियमांत 'शेड्यूल के' नावाची यादी आहे. डॉक्टरने स्वतःच्या पेशंटला औषध द्यायचं असेल तर त्याला दुकानाचा परवाना लागत नाही, ही सवलत तिथून येते. पण सवलतीला अटी आहेत. औषध परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेलं असावं. आणि चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा 'शेड्यूल एच'सारख्या गटांतली औषधं असतील तर दिलेल्या औषधावर डॉक्टरचं नाव-पत्ता आणि डोस हवा. औषधाचं नाव, मात्रा, पेशंटचं नाव आणि तारीख नोंदवहीत लिहायची, त्या नोंदीचा क्रमांक लेबलवर टाकायचा आणि वही दोन वर्षं जपायची. आपल्या आयुष्यात अशी क्रमांक घातलेली पुडी किती जणांनी पाहिली आहे? मी एकदाही नाही. अँटिबायोटिक्स, स्टिरॉइड्स, बहुतेक पेनकिलर ही सगळी औषधं याच गटातली आहेत. नियम आहे, अट आहे, तपासणी कोणी करत नाही.

स्टिरॉइडचं नाव आलंच आहे तर हातगुणाबद्दल बोलायला हवं, कारण हा शब्द आपण फार हळवेपणाने वापरतो. काही डॉक्टरांचा गुण खरोखर त्यांच्या निदानात असतो, स्पर्शात असतो, धीर देण्यात असतो. पण दोन दिवसांत सांधे मोकळे होणं, दमा थांबणं, खाज जाणं, भूक लागणं, या सगळ्यामागे पुष्कळदा पुडीतली बारीकशी स्टिरॉइडची गोळी असते. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन. ही औषधं वाईट नाहीत, योग्य ठिकाणी ती जीव वाचवतात. पण महिनोनमहिने नकळत घेतली की चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग वाढतात. त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे, शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं आणि मग गोळी एकदम बंद झाली की माणूस कोसळू शकतो. समजा एखाद्या आजोबांनी गावाकडच्या पुड्या दोन वर्षं घेतल्या आणि मग ते पुण्याला मुलाकडे राहायला आले. पुड्या संपल्या. आठवड्याने रक्तदाब पडला, उलट्या, ग्लानी. तिथल्या डॉक्टरला काय कळणार? आजोबा सांगणार, "सांध्याच्या साध्याच गोळ्या होत्या." जे औषध नाव सांगून दिलं असतं तर हळूहळू कमी करता आलं असतं, ते नाव न सांगितल्यामुळे जीवावर उठतं.

आता चिठ्ठी. कोणी म्हणेल, पुड्यांचे दिवस सरले, शहरात आता सगळे लिहूनच देतात. देतात, पण वाचता येईल असं देतात का? 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत 2016 साली दुरुस्ती झाली, तिच्यानुसार औषधं जेनेरिक नावाने, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहायची आहेत. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने 2025 साली याच्या पुढे जाऊन म्हटलं की वाचता येणारी चिठ्ठी हा आरोग्याच्या हक्काचा, म्हणजे राज्यघटनेच्या कलम 21 चाच भाग आहे. डॉक्टरच्या अक्षरावर आपण शाळेपासून विनोद ऐकत आलो. त्या विनोदाने फार नुकसान केलंय. आपण ते अक्षर जणू पेशाचं लक्षण मानून सोडून दिलं.

एक उदाहरण सांगते, म्हणजे अक्षराचं वजन कळेल. संधिवातावर मेथोट्रेक्सेट नावाचं औषध देतात. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. त्याचा त्रास कमी व्हावा म्हणून सोबत फॉलिक अॅसिड देतात. मेथोट्रेक्सेटचा एक खूप चालणारा ब्रँड आहे फॉलिट्रॅक्स, आणि फॉलिक अॅसिडचा खूप चालणारा ब्रँड आहे फॉल्व्हाइट. पहिला चुकून रोज घेतला तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. दुसरं साधं जीवनसत्त्व. घाईत खरडलेल्या चिठ्ठीवर 'फॉल' एवढंच दिसत असेल, 'आठवड्यातून एकदा' हे शब्द मराठीत न लिहिता नुसती खूण केली असेल, आणि दुकानात नवा पोरगा बसला असेल, तर पुढचं सांगायला नको. सांधेदुखीच्या तज्ज्ञांना ही चूक चांगली ठाऊक आहे. म्हणून त्यांतले काळजी घेणारे डॉक्टर वारच लिहितात, "फक्त रविवारी", आणि त्याखाली रेघ मारतात. एवढं करायला किती सेकंद लागतात?

औषधांच्या नावांचा हा घोळ न्यायालयांनाही कळला आहे. 2001 साली फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियाच्या दोन औषधांवरून दोन कंपन्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने सांगितलं होतं की साबणाच्या नावांत गोंधळ होणं वेगळं आणि औषधांच्या नावांत होणं वेगळं, इथे निकष जास्त कडक हवेत. त्यानंतरही दुकानात सारखी वाटणारी नावं पुष्कळ आहेत. म्हणून ब्रँडच्या शेजारी मूळ औषधाचं नाव लिहिण्याला इतकं महत्त्व. घरात तीन वेगळ्या नावांची पाकिटं असतात आणि तिन्हींत पॅरासिटामॉल असतं. हे पेशंटला नुसत्या ब्रँडवरून कळू शकत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने देशातल्या 13 मोठ्या रुग्णालयांतल्या 4,838 चिठ्ठ्या तपासल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे 45 टक्के चिठ्ठ्या ठरलेल्या उपचारपद्धतीला सोडून होत्या, आणि जवळजवळ 10 टक्के चिठ्ठ्यांतला फरक तपासणाऱ्यांनी अस्वीकारार्ह ठरवला. गरज नसताना लिहिलेल्या अॅसिडिटीच्या गोळ्या त्यांत पुढे होत्या. ही शिकवणारी रुग्णालयं होती, जिथे वरिष्ठ पाहत असतात. गल्लीतल्या दवाखान्यात काय चित्र असेल याचा आकडा मी देऊ शकत नाही. जे लिहिलंच जात नाही ते मोजणार कसं?

वेळेबद्दल थोडक्यात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत प्राथमिक डॉक्टर एका पेशंटला सरासरी किती वेळ देतो हे देशोदेशी पाहिलं होतं. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात 48 सेकंद, आणि भारतात सुमारे दोन मिनिटं. दोन मिनिटांत "आधीच्या गोळ्या कोणत्या?" हा प्रश्न मागे पडतो, यात आश्चर्य नाही. पण चालू औषधं लिहिलेला एक कागद पेशंटच्या हातात असेल तर ते वाचायला दहा सेकंद पुरतात. वेळ कमी आहे म्हणून लिहीत नाही, हे कारण मला म्हणूनच पटत नाही.

डॉक्टरांची खरी कारणं वेगळी आहेत, आणि ती मी दोन-तीन डॉक्टरांकडून मोकळेपणाने ऐकली आहेत. पहिलं असं की, लिहून दिलं की लोक पुढच्या वेळी दवाखान्यात येत नाहीत, तीच चिठ्ठी घेऊन थेट मेडिकलमध्ये जातात, वर शेजाऱ्यालाही देतात. हे खरं आहे. मी स्वतः केलंय. पण तो दोष केमिस्टचा आणि आपला आहे, नाव लपवून तो जात नाही. उलट पुडीवर वाढलेला पेशंट "ती पांढरी गोळी द्या" म्हणत मेडिकलमध्ये जातो आणि तिथून जे मिळेल ते घेतो. दुसरं कारण भीतीचं : लिहिलं तर उद्या तेच कागद कोर्टात उभे राहतील. डॉक्टरांवर हात उगारण्याच्या बातम्या वाचल्या की ही भीती मला समजते. त्यासाठी महाराष्ट्राला 2010 साली वेगळा कायदा करावा लागला, ही आपल्यालाच शरमेची गोष्ट आहे. पण कागद नसला की संशयाला मर्यादाच राहत नाही. आमच्या नातेवाइकांनी त्या काळात आमच्या डॉक्टरांबद्दल काय काय म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. त्यातलं निम्मं एका ओळीच्या नोंदीने खोटं ठरलं असतं.

तिसरं कारण पैशाचं, आणि तिथे आपण पेशंट लोक उघडे पडतो. "नुसतं तपासलं, औषध काहीच दिलं नाही, मग पैसे कसले?" हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरात बोललं गेलंय. "सर्दी आहे, पाच दिवसांत जाईल, गरम पाणी प्या" असं खरं सांगणाऱ्या डॉक्टरला आपण फी द्यायला कचरतो आणि सुई टोचणाऱ्याला आनंदाने देतो. सल्ल्याला किंमत नाही म्हणून ती गोळीत घालावी लागते, आणि मग गोळी कोणती हे झाकून ठेवणं त्या धंद्याचा भाग बनतो. फॅमिली डॉक्टरची तपासणीची फी वेगळी आणि मानाची असली पाहिजे, औषधाचे पैसे वेगळे. ती फी वाढली तरी मी द्यायला तयार आहे. आईच्या आयसीयूच्या एका दिवसाच्या बिलात आमच्या डॉक्टरांची कित्येक वर्षांची फी बसली असती.

मग सरकार कुठे आहे? महाराष्ट्रात खाटा असलेल्या रुग्णालयांना 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा लागू आहे, आणि 2021 साली त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनदही आली. पण ज्या दवाखान्यात एकही खाट नाही, जिथे बहुसंख्य लोक बहुसंख्य वेळा जातात, तो या कायद्याच्या बाहेर राहतो. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. 2002 च्या आचारसंहितेत तीन वर्षं नोंदी ठेवण्याचं बंधन आहे ते भरती झालेल्या पेशंटच्या नोंदींचं. म्हणजे आईच्या चार दिवसांच्या आयसीयूचं सगळं बाड मला मागता येतं, आणि ज्या चार आठवड्यांमुळे ती तिथे पोचली त्यांचा एक चिटोरा मागता येत नाही. 2 ऑगस्ट 2023 ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम आणले, त्यांत चिठ्ठी कशी असावी याबद्दल बरंच काही होतं. ते त्याच महिन्यात स्थगित झाले.

तक्रारीची दारं आहेत. राज्याची वैद्यकीय परिषद आहे. 1995 पासून ग्राहक न्यायालयही आहे, दोन वर्षांच्या मुदतीत. मी दोन्हीकडे चौकशी केली. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच : "चिठ्ठी आहे का?" औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणाही आहे, तिचा 1800-180-3024 हा मोफत क्रमांक पेशंटसुद्धा वापरू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पण तिथे तरी सांगणार काय? दोन पांढऱ्या, एक पिवळी?

या सगळ्यात आपल्याकडे वाद गाजतो तो पदवीचा. होमिओपॅथी डॉक्टरांनी एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून अॅलोपॅथीची औषधं द्यावीत की नाही, यावर 2014 सालच्या दुरुस्तीपासून भांडण चालू आहे, आणि 2025 च्या सप्टेंबरात डॉक्टरांनी एक दिवसाचा संपही केला. प्रश्न महत्त्वाचा आहे. पण आमचे डॉक्टर एमबीबीएस आहेत. पदवी कोणतीही असो, पुडीवर नाव नसेल तर पेशंटच्या दृष्टीने फरक काय पडतो? त्या संपाच्या मागण्यांत लिहून देण्याचा विषय मला कुठे दिसला नाही.

नाव लिहिलेलं असण्याने काय होतं, ते 2025 च्या छिंदवाड्यात दिसलं. सर्दी-खोकल्यासाठी दिलेल्या कोल्ड्रिफ नावाच्या औषधाने मध्य प्रदेशातली वीसहून अधिक मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची. कित्येकांना किडनी निकामी झाल्यावर नागपूरला आणलं होतं. औषधात 48.6 टक्के डायएथिलिन ग्लायकॉल निघालं, ते विष आहे. मुख्य गुन्हा ते बनवणाऱ्यांचा. पण त्यात जे दोन घटक होते, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन, त्यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये अशी सूचना डिसेंबर 2023 मध्येच निघाली होती. तरी ते लिहिलं गेलं. आणि तरीही तपास कंपनीच्या दारापर्यंत पोचला, कारण बाटलीवर नाव होतं, बॅच क्रमांक होता. तेच औषध मोठ्या कॅनमधून कागदाची पट्टी लावलेल्या बाटलीत ओतून मिळालं असतं, जसं आपल्या लहानपणी ते लाल औषध मिळायचं, तर किती मुलं गेल्यावर कळलं असतं? 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित झालेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण गेले होते. आपल्या राज्याला हा धडा नवा नाही.

मला हवं आहे ते फार नाही. दवाखाना एका खोलीचा असो की दहा मजल्यांचा, प्रत्येक पेशंटच्या हातात एक कागद पडावा : तारीख, काय झालंय असं वाटतं, औषधाचं मूळ नाव, किती, कधी, किती दिवस. घ्यायची पद्धत मराठीत. पुडी द्यायची तर द्या, पण पाकीट न कापता किंवा पुडीवर नाव घालून. अन्न व औषध प्रशासनाने 'शेड्यूल के'च्या त्या नोंदवह्या वर्षातून एकदा तरी पाहायला मागाव्यात. वैद्यकीय परिषद डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 गुण मिळवायला लावते. त्यांतले काही गुण चिठ्ठी कशी लिहावी आणि कोणतं औषध कोणत्या औषधाशी जमत नाही, यासाठी राखून ठेवावेत. आणि बिनखाटांच्या दवाखान्यांना एखाद्या तरी कायद्याच्या छताखाली आणावं, डॉक्टरांना छळण्यासाठी नव्हे, नोंद ठेवायला लावण्यासाठी.

आई अजून त्याच डॉक्टरांकडे जाते. मी खूप विरोध केला, पण ती ऐकत नाही, आणि तालुक्याला तिच्या वेळेला धावून येणारं दुसरं कोणी नाही हेही खरं आहे. आता मात्र ती एक लहान वही बरोबर नेते. पहिल्या पानावर तिच्या चालू गोळ्या आणि शेवटचं क्रिएटिनिन मी मोठ्या अक्षरात लिहून दिलंय, आणि त्याखाली : पेनकिलर चालत नाही. परवा ताप आला म्हणून गेली, तेव्हा मी फोनवर होते. डॉक्टरांनी तपासलं, पुडी बांधायला सांगितली. आई म्हणाली, "डॉक्टर, यात नावं लिहून द्या." क्षणभर शांतता. मग वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. त्यांनी दोन औषधांची नावं लिहिली, स्वच्छ, मोठ्या अक्षरांत. पुडीत गोळ्या तीन प्रकारच्या होत्या. तिसरीबद्दल आईने विचारलं तर म्हणाले, "ती साधीच आहे वहिनी, ताकदीची."

ती गोळी आईने घेतली नाही. डब्यात वेगळी ठेवली आहे. पुढच्या शनिवारी मी गावी जाणार आहे, तेव्हा ती घेऊन दवाखान्यात जाईन आणि तिचं नाव विचारीन.